दावं आणि दावा

माहीमच्या आमच्या जुन्या घराच्या पडवीत, जमिनीपासून हातभर उंचीवर, भिंतीत एक लोखंडी कडी आहे. (माहीम म्हणजे पालघरजवळचं, केळव्याशेजारचं, मुंबईचं नव्हे. हे मला आयुष्यभर सांगत यावं लागलं आहे, तेव्हा वाचकांनाही सांगून ठेवतो.) कडीचं दुसरं टोक भिंतीत कुठवर गेलं आहे हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही. घराची डागडुजी झाली, कौलं जाऊन पत्रे आले, शेणाने सारवलेली जमीन जाऊन फरशी आली. कडी जिथल्या तिथे. तिला पूर्वी बैल बांधत. रात्रीची जेवणं झाली की आप्पा कंदील घेऊन पडवीत जात, दाव्याला एक हिसका देत, गाठ बघत आणि मगच अंथरुणाला पाठ टेकत. गावात कुणाचा बैल चोरीला गेल्याचं मी लहानपणी ऐकलं नव्हतं. पण जनावर बांधल्याशिवाय ठेवायचं नसतं, इतकी ती साधी गोष्ट होती.

१९९२ साली मी बँकेचं कर्मचारी कर्ज काढून मोटारसायकल घेतली. हीरो होंडा, सीडी हंड्रेड. हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. संध्याकाळी ती पडवीत उभी केली तेव्हा आप्पांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "हिला बांधायची कुठे?"

मी हसलो. म्हटलं, "आप्पा, हिला लॉक असतं. हॅन्डल वळवून किल्ली फिरवली की झालं."

आप्पा काही बोलले नाहीत. बँकेत साहेब झालेल्या मुलाला काय सांगायचं, असा एक चेहरा त्या पिढीच्या बापांजवळ असे. तो त्यांनी केला. त्यांचा प्रश्न बरोबर होता हे कळायला मला वर्षसुद्धा लागलं नाही. पण ती हकीकत जरा लाजिरवाणी आहे, पुढे सांगतो. आधी बोईसरला जाऊ.

तारापूरचा अणुवीज प्रकल्प १९६९ साली सुरू झाला. पुढे औद्योगिक वसाहत वाढत गेली. कापड आलं, रसायनं आली, पोलाद आलं. नाव तारापूरचं, गर्दी मात्र बोईसरची. २००९ ते २०१२ अशी तीन वर्षं मी तिथे शाखाधिकारी होतो. पाळी सुटायच्या वेळी नवापूर नाक्यावर उभं राहून पाहिलं की या गावाचं अर्थशास्त्र कळतं. पायी चालणारे निम्मे आणि दुचाकीवाले निम्मे, आणि पायी चालणाऱ्यांपैकी प्रत्येकाच्या डोळ्यात पुढच्या दिवाळीला घ्यायची दुचाकी. विरारची लोकल २०१३ साली डहाणूपर्यंत आली, २०१४ साली पालघर स्वतंत्र जिल्हा झाला, जिल्ह्याची देखणी कचेरी पालघर-बोईसर रस्त्यावर उभी राहिली. पण रात्री अकरा वाजता कारखान्याच्या फाटकाबाहेर पडलेल्या माणसाने पास्थळला, कोलवड्याला किंवा उमरोळीला जायचं कसं, हा प्रश्न बराचसा तसाच आहे. रिक्षा मिळाली तर अर्धा रोज तीच खाते. म्हणून इथे मोटारसायकल ही हौस नाही. ती पगाराचा एक भाग आहे. ज्याच्याकडे ती आहे त्याला रात्रपाळी घेता येते, ओव्हरटाइम करता येतो, दूरचं स्वस्त भाड्याचं घर परवडतं. ती गेली की यातलं सगळंच जातं.

आणि ती जाते कुठून? स्टेशनाबाहेरून, बाजारातून जाते हे आपण गृहीत धरतो आणि तिथे दोनदा वळून बघतो. घरी आलो की मात्र सैल होतो. घर म्हणजे सुरक्षित, ही भावना भिंतीच्या आतल्या वस्तूंपुरती खरी आहे. गाडी भिंतीबाहेर असते. चाळीत दहा खोल्या आणि समोरच्या बोळात चौदा गाड्या. नव्या इमारतींत खांबांवरचं पार्किंग, तिन्ही बाजूंनी उघडं. पडवी गेली, ओटा गेला. ओट्यावर खोकत झोपणारा म्हातारा गेला, ज्याच्याइतका भरवशाचा पहारेकरी अजून कुठल्या कंपनीने बाजारात आणलेला नाही.

बोईसरची आणखी एक खोच आहे. ती मला तिथे राहिल्यावर कळली. रात्री दोन वाजता मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज शेतीवाडीच्या गावात आला तर चार घरांतले दिवे लागतात. कुणी आजारी आहे का, काय झालं, म्हणून लोक बाहेर येतात. पाळ्यांच्या गावात त्या आवाजाने कुणाची कूससुद्धा बदलत नाही. कुणीतरी कामावर चाललंय किंवा कामावरून आलंय. वसाहतीत एखाद्या कारखान्यात स्फोट झाला की सगळं बोईसर खडबडून उठतं, पण बोळातली गाडी सुरू झाली तर झोपलेला माणूस फार तर "लवकर निघाला वाटतं" असं पुटपुटतो. चोराला याहून चांगलं गाव कुठलं? त्यातून मुंबई-अहमदाबाद महामार्ग तास-पाऊण तासावर, पुढे गुजरात, दमण, दादरा-नगर हवेली.

माझ्या त्या शाखेतून आम्ही दुचाकीसाठी भरपूर कर्जं दिली. आमच्या बँकेच्या भाषेत त्या व्यवहाराला नजरगहाण म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. वस्तू कर्जदाराकडे राहते, वापरतो तोच. बँक फक्त नजर ठेवते. म्हणजे खरं तर ठेवत नाही. कागदावर बोजा चढवते आणि हप्त्याच्या तारखेवर नजर ठेवते.

२०१० सालची गोष्ट. सरावलीच्या बाजूला चाळीत राहणारा एक तरुण, कंत्राटी कामगार, चोवीस-पंचवीसचा. त्याने आमच्याकडून कर्ज काढून स्प्लेंडर घेतली होती. वर्षभर हप्ता तारखेच्या आधी येई. मग तीन हप्ते चुकले. ठरलेल्या नमुन्यातली नोटीस गेली, तिच्यावर सही माझी. चौथ्या दिवशी तो माझ्या टेबलासमोर उभा. खिशातून त्याने दोन किल्ल्या काढल्या आणि टेबलाच्या काचेवर शेजारी शेजारी ठेवल्या.

"साहेब, गाडी नाही. किल्ल्या दोन्ही आहेत."

गाडी खोलीच्या दारातून, झोपेतल्या डोक्यापासून सहा फुटांवरून गेली होती. हॅन्डल लॉक होतं. फिर्याद दिलेली होती. मी त्याला बसवलं, पाणी मागवलं आणि विम्याचे कागद मागितले. पहिल्या वर्षी संपूर्ण विमा होता. तो आम्हीच करायला लावला होता. दुसऱ्या वर्षी त्याने स्वतः नूतनीकरण केलं तेव्हा एजंटाने त्याला स्वस्तातला दाखवला. नुसता तृतीय पक्षाचा. म्हणजे त्याच्या गाडीने दुसऱ्या कुणाला इजा झाली तर भरपाई मिळेल. त्याची स्वतःची गाडी चोरीला गेली तर छदामही नाही. कायद्याने एवढाच विमा सक्तीचा आहे, आणि पोलिसाने अडवल्यावर दाखवायला तो पुरतो. त्याने वाचवले असतील पाच-सातशे रुपये. नूतनीकरण झालंय का हे बघणं खरं तर आमचंही काम होतं. नजरगहाण ना!

त्याने पुढची सगळी कर्जफेड केली. नसलेल्या गाडीचे हप्ते भरले. रात्रपाळी सोडावी लागली, ओव्हरटाइम गेला, तरी भरले. कधी दोन एकदम, कधी अर्धा. शेवटचा हप्ता भरला तेव्हा शिरस्त्याप्रमाणे मी त्याला बोजा उतरवल्याचा दाखला दिला. हा आरटीओत द्या म्हणजे पुस्तकावरचं बँकेचं नाव निघेल, असं मी सांगत होतो. त्याने कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "साहेब, याचं आता काय करू?" त्याचा सूर तक्रारीचा नव्हता. त्याला खरोखरच कळत नव्हतं. मलाही सांगता आलं नाही.

वित्तोरिओ द सिकाचा 'बायसिकल थीव्हज' हा १९४८ सालचा इटालियन चित्रपट फिल्म सोसायट्यांच्या कृपेने आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. युद्धानंतरचं रोम. भिंतींवर पोस्टर चिकटवायची नोकरी मिळते, अट एकच, सायकल पाहिजे. सायकल गहाण पडलेली. बायको घरातल्या चादरी गहाण टाकून ती सोडवून आणते आणि कामाच्या पहिल्याच दिवशी, नवरा शिडीवर असताना, ती चोरीला जाते. पुढे बापलेक शहरभर ती शोधत हिंडतात. तरुणपणी पाहिला तेव्हा मला शेवटी त्या बापाची विटंबना होते तो प्रसंग लागला होता. निवृत्तीनंतर पुन्हा पाहिला, तेव्हा बँकेतल्या माणसाचा डोळा चादरींवर गेला. सायकल गेली, पण चादरी गहाणच राहिल्या. त्यांचं पुढे काय झालं हे कुणी विचारत नाही.

आता माझी ती लाजिरवाणी हकीकत. १९९३चा पावसाळा. एका सकाळी पडवीत मोटारसायकल नव्हती. आदल्या रात्री मी हॅन्डल लॉक केलं होतं का? मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगितलं, केलं होतं. आज इतक्या वर्षांनी लिहितो: केलं नव्हतं. पाऊस होता, भिजलो होतो, गाडी आत ढकलली आणि घरात पळालो. किल्ली मात्र काढून घेतली होती, असं वाटतं.

फिर्याद द्यायला गेलो. तिथे नेहमीचा प्रश्न आला, "कुणावर संशय?" या प्रश्नाला "कुणावर नाही" असं उत्तर देता येतं, हे माझ्यासारख्या पदवीधराला सुचलं नाही. आमच्या वाडीत पानवेलींच्या कामाला एक वारली कुटुंब येई. त्यांचा मुलगा सतरा-अठरा वर्षांचा. गाडी आणली त्या दिवसापासून तो तिच्याकडे टक लावून बघे, एकदा मला न विचारता तिच्यावर बसलाही होता. मी त्याचं नाव सांगितलं. त्याला घेऊन गेले. एक रात्र ठेवलं. त्या रात्री काय झालं ते त्याने कुणाला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी मोटारसायकल केळव्याच्या सुरूच्या बागेत सापडली. पेट्रोल संपलं तिथे सोडून दिलेली, बाकी धड. नेली कुणी होती ते मला चार वर्षांनी एका लग्नाच्या पंक्तीत कळलं. आमच्याच ओळखीतल्या, बऱ्या घरातल्या दोन पोरांनी. त्यातल्याच एकाने, आता मोठा झालेला, ते गंमत म्हणून सांगितलं आणि सगळे हसले. मीही हसलो असेन. ते वारली कुटुंब तोवर आमच्याकडे यायचं बंद झालं होतं.

मी कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत दुसऱ्यांच्या पापांची चिकित्सा भरपूर केली. हा प्रसंग मात्र कुठे घातला नाही.

म्हणून चोरी या विषयावर बोलताना मला नुसत्या वस्तूची काळजी वाटत नाही. गाडी जाते, आणि तिच्या मोकळ्या जागेवर संशय येऊन उभा राहतो. तो नेहमी खालच्या बाजूला वाहतो. चाळीत भय्यांच्या खोलीकडे, इमारतीत वॉचमनकडे, वाडीत आदिवासी पोराकडे. एखाद्या भागात दोन-तीन गाड्या गेल्या की तरुण मुलं काठ्या घेऊन रात्रीची गस्त घालू लागतात. हेतू चांगला असतो. पण आपल्याच जिल्ह्यात १६ एप्रिल २०२०च्या रात्री, टाळेबंदीच्या दिवसांत, गडचिंचलेजवळ काय झालं ते आपण विसरू शकत नाही. चोर फिरताहेत अशा अफवा होत्या, जमाव जमला, आणि सुरतेकडे निघालेले दोन साधू व त्यांचा गाडीचालक अशी तीन माणसं ठेचून मारली गेली. काठीला अंधारात चोर आणि वाटसरू यांतला फरक कळत नाही. साखळीला तो कळण्याची गरजच नसते. ती चोरालाही मारत नाही, वाटसरूलाही नाही. ती नुसती जागच्या जागी असते. मी साखळीच्या बाजूचा आहे.

साखळीबद्दल जरा नीट बोलू, कारण इथे आपलं अज्ञान अगाध आहे. हॅन्डल लॉक म्हणजे काय? आत करंगळीएवढा एक खिट्टा असतो, तो खाचेत जाऊन बसतो. गाडी सहज वळावी म्हणून हॅन्डल लांब केलेलं असतं, आणि नेमकी तीच लांबी त्या खिट्ट्यावर पहारीसारखी उलटते. ते मोडायला हत्यार लागत नाही. आणि मोडल्यावर इंजिन सुरू करावंच लागतं असंही नाही. दुसऱ्या गाडीवरचा साथीदार मागून पाय लावून ढकलत नेतो. पेट्रोल संपलेल्या मित्राला आपण पंपापर्यंत नेतो तसं. रस्त्यावर कुणी बघितलं तर त्याला परोपकारच दिसतो. तेव्हा इंजिनाच्या बंदोबस्ताने काम भागत नाही. चाक फिरता कामा नये. पुढच्या डिस्कला लावायचं छोटं कुलूप मिळतं, ते ठीक आहे (सकाळी घाईत ते काढायला विसरून तोंडावर आपटलेले दोन गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत, आठवणीसाठी हॅन्डलला रंगीत दोरी बांधावी). पण मोटारसायकलचं वजन असतं शंभर-सव्वाशे किलो. दोघांनी उचलली आणि टेंपोत टाकली की चाक फिरतंय की नाही याला अर्थ उरत नाही. म्हणजे शेवटी आप्पांच्या प्रश्नावर यावंच लागतं. हिला बांधायची कुठे?

भिंतीत किंवा जमिनीत कडी हवी. जाड सळई वाकवून, तिची टोकं आत पसरून, काँक्रीटमध्ये ओतलेली. स्क्रूने बसवलेली पट्टी नको, ती पहारीने उचकटते. साखळी जाड कड्यांची घ्यावी आणि नुसत्या चाकातून घालू नये. चाक तिथेच लटकत ठेवून उरलेली गाडी नेता येते. मागचं चाक आणि गाडीचा सांगाडा या दोहोंतून घालून कडीला बांधावी. आणखी एक गोष्ट मला एका लोहाराने सांगितली, ती कुठल्याही जाहिरातीत नसते. साखळी आणि कुलूप जमिनीवर लोळत ठेवू नये. जमीन ऐरणीचं काम करते. कुलूप फरशीवर टेकलेलं असलं की वरून घातलेला घाव पुरा लागतो, अधांतरी असलं की निम्मा वाया जातो. आप्पांच्या कडीची हातभर उंची उगाच नव्हती म्हणायची. गाडीवर साधं मळकं आच्छादन टाकलं तर आत नवी आहे की जुनी, कुठली आहे, हे लांबून कळत नाही. ओरडणारे भोंगे बसवतात, पण आमच्याकडच्या पावसात गडगडाट झाला की ते सगळे एकदम केकाटतात, आणि आठवडाभरात 'लांडगा आला रे' होऊन जातं. लपवलेलं जीपीएस यंत्र चांगलं आहे, पण ते गाडी गेल्यावर बोलतं.

एवढ्या सगळ्याला खर्च किती? कडी आणि साखळी मिळून गाडीची टाकी जेमतेम चार-पाच वेळा भरेल तेवढा. लाखाच्या घरातली गाडी आपण घेतो, तिला सीट कव्हर, क्रॅश गार्ड, नंबर प्लेटवर झेंडूचं तोरण, सगळं करतो. साखळी म्हटलं की हात आखडतो.

पण दोष एकट्या गाडीवाल्याला देऊन मला सुटता येणार नाही. चाळीतला भाडेकरू घरमालकाच्या भिंतीत कडी ठोकणार कशी? अनामत रक्कम घेणाऱ्या, महिन्याच्या एक तारखेला दारात उभ्या राहणाऱ्या मालकाने बोळाच्या कडेने एक सळई बसवली तर चौदा गाड्या बांधल्या जातील. आणि आम्ही बँकवाले! १९८३-८४च्या सुमारास मी जव्हारच्या बाजूला फील्ड ऑफिसर होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात दुभत्या जनावरांसाठी कर्ज द्यायचो. एका म्हशीच्या कर्जासाठी काय काय बघायचं? गोठा आहे का. दावण कुठे आहे. पाणी कुठून आणणार. मग म्हशीच्या कानात विम्याचा बिल्ला ठोकायचा, त्याचा नंबर लिहून घ्यायचा. म्हैस मेली तर तो बिल्ला आणून द्यावा लागे. बिल्ला नाही तर दावा नाही. मी स्वतः चिखल तुडवत जाऊन दाव्याला हात लावून बघितलेला आहे. त्याच मी, पंचवीस वर्षांनंतर, म्हशीहून कितीतरी महाग मोटारसायकलींची कर्जं टेबलावर बसून मंजूर केली. रात्री ती कुठे उभी राहणार, हा प्रश्न एका माणसाला विचारला नाही. पगाराची पावती बघितली, जामीनदाराची सही बघितली. दावं बघितलं नाही.

विम्याच्या दाव्याचंही थोडक्यात सांगून टाकतो, कारण या बाबतीत लोक फार फसतात. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा घ्यावाच लागतो. त्यामुळे पाच वर्षं विमा आहे या समजुतीत माणूस निवांत राहतो. चोरीची भरपाई देणारा, स्वतःच्या गाडीचा भाग बहुधा वर्षभराचाच असतो आणि तो दरवर्षी आपल्याला आठवणीने घ्यावा लागतो. मिळते तीही नव्या गाडीची किंमत नव्हे. घसारा वजा होत जातो आणि चार-पाच वर्षांच्या गाडीला तो पन्नास टक्के असतो. गाडी गेली की त्याच दिवशी फिर्याद, त्याच दिवशी विमा कंपनीला कळवणं. फिर्याद वेळेवर दिलेली असेल तर केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्यावर दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली म्हटलं आहे. पण तिथवर जायची वेळ कशाला आणा? आणि किल्ल्या. कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. दुसरी किल्ली कुठे आहे हे आत्ता, चहा पिता पिता, उठून बघा. बहुतेक घरांत ती सापडणार नाही.

मी आता पालघरात फ्लॅटमध्ये राहतो. खाली खांबांवरचं पार्किंग आहे. मागच्या वर्षी तिथून एका शिक्षकाची मोटारसायकल गेली. आम्ही आधीच कॅमेरे बसवले होते, त्यामुळे चोरी कशी झाली ते सगळ्यांना स्वच्छ बघायला मिळालं. तोंडाला रुमाल, अंगात रेनकोट, वेळ तीन वाजून दहा मिनिटं. सेक्रेटरींनी ती फीत इतक्या वेळा दाखवली की शिक्षकांच्या धाकट्या मुलाला चोराची चाल पाठ झाली, तो तशी चालून दाखवतो. वॉचमनला काढून टाकावं अशी सूचना आली. तो साठीचा माणूस दिवसा एका कारखान्याच्या फाटकावर बसतो आणि रात्री आमच्याकडे. तीन वाजता तो जागा असावा अशी अपेक्षा करण्याइतका पगार आम्ही त्याला देत नाही. मी तसं बोललो, थोडं वाजलं, पण तो राहिला.

तेव्हापासून मी एकच धोशा लावला आहे की खांबांमधून जमिनीत कड्या बसवा. आक्षेप असे आले: फरशी फुटेल. कुणी ठेचाळेल. दिसायला वाईट दिसेल, आपण काय गुरं बांधतो का? शेवटच्या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते पडवीपर्यंत लांबलं असतं. दरम्यान मी आणि समोरचे शिक्षक (त्यांनी कर्ज काढून पुन्हा गाडी घेतली) रात्री दहाला खाली उतरतो आणि त्यांची मोटारसायकल, माझी स्कूटर आणि जिन्याचा कठडा अशी एक साखळी ओवतो. सकाळी त्यांची शाळा सातची, म्हणून किल्ली त्यांच्याकडे. सौभाग्यवती म्हणतात, "अहो, आता अगदी आप्पांसारखा हिसका देता." देतो खरा.

येत्या रविवारी सोसायटीची वार्षिक सभा आहे. कड्यांचा विषय विषयपत्रिकेत घेतला आहे, सातवा. सहावा पाण्याच्या टाकीचा. पाण्याच्या विषयानंतर आमच्याकडे सहसा कोरम उरत नाही.